जयसिंगरावांची आकाशाला हरकत

जयसिंगराव मोहित्यांनी तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि तेवढ्या वर्षांत कुणालाही कधी 'नाही' म्हटलं नाही.

यावरून ते फार दयाळू गृहस्थ असावेत असं ज्याला वाटेल, तो त्यांच्या टेबलापुढं कधी उभा राहिलेला नाही. बेंगळुरूत उंच इमारत बांधायची तर ती विमानांना आडवी येणार नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. त्या तपासणीचे कागद ज्या कचेरीतून पुढं सरकत, तिथं जयसिंगराव बसत. 'नाही' म्हटलं की माणूस भांडतो, साहेबाकडं जातो, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून ते फाइल चाळत, चष्मा कपाळावर सरकवत आणि अगदी मायेनं म्हणत, "सगळं बरोबर आहे. फक्त एक कागद कमी आहे, बघा." तो कागद आला की दुसरा कमी असे. एका बिल्डरनं ऐन तारुण्यात अर्ज केला होता. त्याचे नातू त्या मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट खेळून मोठे झाले. लाचेचं म्हणाल तर जयसिंगरावांनी कुणाची कॉफीसुद्धा प्यायली नाही. त्यांची अडवणूक शुद्ध होती.

गंमत अशी की सबंध नोकरी आकाशाच्या हिशेबात काढून त्यांनी मान वर करून आकाश कधी बघितलं नव्हतं. ते फाइलीत होतं, तेवढं पुरे होतं.

मोहित्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून या मुलखात आले. पुढं घोडे गेले, तलवारी गेल्या, आणि शेवटी राजाजीनगरात एक तळमजला आणि वर दोन मजले एवढं घर उरलं. घरात भाषा मराठीच, पण कानडी मिसळलेली. आमटीत मीठ 'स्वल्प' कमी पडे आणि म्हणणं पटलं की 'सरी'. तळमजल्यावर जयसिंगराव आणि कृष्णाबाई राहत. पहिला मजला मुलासाठी, अभिजीतसाठी राखलेला. पण त्याची कचेरी बेळ्ळंदूरला, म्हणून तो बायकोला घेऊन तिकडच्या एका उंच इमारतीत राहायला गेला आणि मजल्याला कुलूप लागलं. दुसऱ्या मजल्यावर निपाणीकडचं भाडेकरू जोडपं होतं, दयानंद आणि वीणा. त्यांच्यावर गच्ची. आणि गच्चीवर कृष्णाबाईंची बाग.

बाग म्हणजे त्रेचाळीस कुंड्या. मोगरा, अबोली, शेवंती, तीन रंगांच्या जास्वंदी, मरवा, दवणा, आणि एक पारिजातक, जो कुंडीत जगत नाही असं सगळे म्हणत असताना त्यांनी जगवून दाखवला होता. कृष्णाबाईंनी पंचवीस वर्षं शेजारपाजारच्या मुलींना शिवणकाम शिकवलं, पण त्यांचा जीव शिवणयंत्रात नव्हता, या कुंड्यांत होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. गच्चीच्या एक्कावन्न पायऱ्या सोडाच, एक पायरी चढायची तर त्या देवाचं नाव घेत. तेव्हा जयसिंगराव म्हणाले, "तू बस. बागेचं खातं आजपासून माझ्याकडं."

दोन वर्षं त्यांनी खातं चोख चालवलं. मग गच्चीवरचा नळ गंजून बंद पडला आणि पाणी झारीतून खालून न्यावं लागू लागलं. यंदाच्या संक्रांतीला झारी घेऊन चढताना चौतिसाव्या पायरीवर, म्हणजे वीणाच्या दारासमोर, त्यांना असा दम लागला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ते बसले. अर्ध्या तासानं उठले आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढले, पुन्हा चौतिसावी पायरी, पुन्हा काजवे. तिसऱ्या दिवसापासून वर जायचा विचारच त्यांनी सोडला.

आता खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण सांगायचं कुणाला? कृष्णाबाईंना सांगितलं तर त्या बागेसाठी रडतील, मग नवऱ्यासाठी रडतील आणि मग दोन्हींची काळजी करत रात्र-रात्र जागतील. जयसिंगरावांनी फाइल दाबून ठेवली. रोज सकाळी सहाला झारी भरून ते चौतीस पायऱ्या चढत, वीणाच्या दारातल्या कढीलिंबाच्या कुंडीत सगळं पाणी ओतत, थोडा वेळ बसत आणि खाली येऊन अहवाल देत. "मोगऱ्याला नऊ कळ्या. अबोली समाधानकारक. पारिजातकाची स्थिती पूर्ववत."

त्रेचाळीस झाडांचं पाणी एकट्याला मिळालेला तो कढीलिंब जिन्यातून वाढत वाढत गच्चीच्या दाराला जाऊन टेकला. वीणा जयसिंगरावांना संत समजू लागली.

पण देवाला फुलं लागत, त्याचं काय? त्याचीही सोय झाली. भल्या पहाटे कोपऱ्यावर भागुबाई फुलं घेऊन बसे. तिच्याकडून सुटी फुलं घ्यायची, कागदात बांधून वर जाताना खिशात लपवायची, आणि रिकाम्या झारीतून वरून आणल्यासारखी खाली आणायची. उन्हाळ्यात बाग पार वाळून गेली आणि तिचं उत्पन्न मात्र दुप्पट झालं. एकदा भागुबाईकडं सुटा मोगरा नव्हता, म्हणून गडबडीत त्यांनी माळच आणली.

"अय्यो, झाडाला गजराच लागला काय?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"मीच ओवला वर बसून," जयसिंगराव म्हणाले. "तुझ्या बोटांना त्रास नको."

ज्या माणसानं जन्मात सुईत दोरा घातला नाही त्यानं आपल्यासाठी गजरा ओवला, हे कृष्णाबाईंनी म्हैसूरपासून कोलारपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. त्या दिवशी जयसिंगरावांना जेवण गेलं नाही.

मे महिन्यात दयानंद डिश अँटेना नीट करायला गच्चीवर गेला. खाली आला तो थेट त्यांच्याकडंच.

"अण्णा, वर समदं वाळून गेलंय की! मी घालू काय पाणी?"

"दुसऱ्याच्या खात्यात हात घालू नये," जयसिंगराव म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि खाली तुमच्या अक्कांना बोलू नका."

दयानंद भला माणूस, बोलला नाही. जूनमध्ये पाऊस आला, पण तो तेराव्याच्या जेवणाला आल्यासारखा. तोवर सगळं संपलं होतं.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण भाद्रपदात कृष्णाबाईंना पासष्ट वर्षं पूर्ण झाली आणि अभिजीतनं आईला भेट म्हणून एक ड्रोन आणला. तळहातावर मावेल एवढा, चार पंख्यांचा, पोटात कॅमेरा. वर गेला की त्याला जे दिसतं ते खाली मोबाइलवर दिसे.

"आमच्या बाजूला उडवता येत नाही, विमानतळ जवळ पडतो," अभिजीत म्हणाला. "इथं चालेल बहुतेक. आई, आता तू अंगणात खुर्ची टाकून बस आणि तुझी बाग बघ. तीन वर्षं झाली ना?"

कृष्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जयसिंगरावांच्या कपाळावर घाम आला.

"उडव की रे," त्या म्हणाल्या. "माझा पारिजातक बघू दे."

"थांबा," जयसिंगराव म्हणाले. "असं कसं उडवायचं? आकाश काय कुणाच्या वडिलांचं आहे? आधी वर बंदी आहे की नाही ते बघायला नको?"

वास्तविक यात काही चूक नव्हती. उडवण्याआधी हवेतले निर्बंध तपासायचेच असतात, शहाणा माणूस तेच करतो. अभिजीतनंही मान डोलावली. पण खोट्या माणसाला खरा नियम सापडला की त्याला आवरणं कुणाच्याच हातात नसतं.

त्या रात्री जयसिंगरावांनी सरकारी नकाशा मोबाइलवर उघडला. त्यात तीन रंग होते. हिरवं म्हणजे मोकळं, पिवळं म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी लागणार, लाल म्हणजे थेट केंद्र सरकार. राजाजीनगर शोधून, भिंग लावून, ते आपल्या गल्लीपर्यंत पोचले. गल्लीवर पिवळा रंग होता. निवृत्तीनंतर इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

"पिवळं आहे," सकाळी उपीट खाताना ते दुःखी चेहरा करून म्हणाले. "माझा इलाज नाही. वर एक कागद कमी आहे."

कृष्णाबाईंनी निमूट मान हलवली आणि मुलाला फोन लावला. संध्याकाळी अभिजीतचा फोन आला. "बाबा, पिवळ्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं का? आपल्याकडं ते पिवळं दोनशे फुटांच्या वर सुरू होतं. त्याच्या खाली हिरवंच आहे. आपली गच्ची किती असेल, तीस फूट?"

"एकतीस."

"मग झालं तर!"

जयसिंगरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकतीस, पण कुठून?"

"कुठून म्हणजे? जमिनीपासून."

"आमच्या कचेरीत उंची समुद्रसपाटीपासून धरत," जयसिंगराव शांतपणे म्हणाले. "बेंगळुरू समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर आहे. गच्ची झाली तीन हजार एकतीस. तुझी दोनशेची मर्यादा तर आपल्या पायाखाली खोल कुठंतरी राहिली."

कृष्णाबाई हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"म्हणजे मी आत्ता कुठं उभी आहे?"

"तीन हजार फुटांवर."

"आणि परवानगी?"

"घराला आहे. तुझं वेगळं बघावं लागेल."

"मग रात्रीचा भात नको करायला," असं म्हणून कृष्णाबाईंनी गॅस बंद केला. त्या रात्री जयसिंगरावांनी केळं खाल्लं.

ही तीन हजार फुटांची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. जयसिंगरावांचा उंचीच्या बाबतीत पूर्वीपासून दरारा होताच. नारळ उतरवणारा झाडाखाली उभा राहून, चढू की नको, असं त्यांना विचारू लागला. शेजारच्या प्राणेशनं तीस कबुतरं पाळली होती. तो घाबरून आला आणि कबुतरांना नकाशा लागू आहे का असं विचारू लागला. जयसिंगरावांना खरं तर नाही म्हणायला हरकत नव्हती, पण सवय कशी जाणार? त्यांनी कबुतरं किती उंच जातात याची नोंद ठेवायला सांगितलं. प्राणेश बिचारा आठवडाभर वही घेऊन गच्चीवर उभा. कबुतरं त्याच्या डोक्यावर बसून राहिली आणि वहीत रोज 'साडेपाच फूट' एवढीच नोंद झाली.

तेवढ्यात अभिजीतनं नियमांचा कागदच पाठवला. ड्रोनची उंची जमिनीपासूनच मोजायची, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. जयसिंगरावांनी तो तीनदा वाचला आणि म्हणाले, "उत्तम. पण यंत्राची सरकारदरबारी नोंद?" अभिजीतनं नोंद केली, नंबर आणला, ड्रोनच्या पोटावर चिकटवला. "वारा?" कृष्णाबाईंनी रोज वर्तमानपत्रातून वाऱ्याचा वेग कापून वहीत चिकटवायला सुरुवात केली. "उडवणार कोण? अनुभवाचा काही पुरावा?"

"मी उडवणार," कृष्णाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हॉलमध्ये सराव मांडला.

घराच्या आतलं आकाश कुणाच्या अखत्यारीत येतं हे जयसिंगरावांना नकाशात सापडलं नाही, त्यामुळं त्यांना तोंड मिटून बघावं लागलं. पहिल्या दिवशी ड्रोन पूर्वजांच्या फोटोवर आदळला. दुसऱ्या दिवशी सांबारात पडता पडता वाचला. पण शिवणयंत्रावर उभं आयुष्य काढलेली ती बोटं. आठवड्याच्या आत कृष्णाबाई खुर्चीत बसून ड्रोन पंख्याखालून नेत, देव्हाऱ्याला प्रदक्षिणा घालत आणि सोफ्यावर पेपर वाचणाऱ्या नवऱ्याच्या टकलावर वीतभर अंतरावर तो तरंगत ठेवत. जयसिंगराव हलत नसत. हलून करणार काय?

एवढं होऊनही परवानगी मिळेना. मग एके सकाळी कृष्णाबाईंनी शिवणाच्या वहीतला कागद फाडून रीतसर अर्ज लिहिला. 'विषय: स्वतःची बाग बघण्यास ना हरकत मिळणेबाबत.' खाली नकाशा, उंची, नोंदणी, वाऱ्याची कात्रणं आणि सराव बघितल्याची वीणाची सही, सगळं टाचणीनं जोडलं. कागद नवऱ्यापुढं ठेवून त्या म्हणाल्या, "कोणता कागद कमी आहे तेवढा एकदाच सांगा. मी पासष्ट वर्षांची आहे. त्या बिल्डरसारखे नातू वाढवायला मला वेळ नाही."

जयसिंगरावांनी एक एक पान उलटलं. अशी परिपूर्ण फाइल त्यांनी नोकरीत एकदाही बघितली नव्हती. दुसरं कुणी असतं तर त्यांनी उभं राहून नमस्कार केला असता. "बघतो," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर."

इथं ते चुकले. दसऱ्याचं नाव काढायला नको होतं.

खंडेनवमीला बेंगळुरूत जी पूजा होते, ती ज्यानं बघितली आहे त्याला सांगायला नको. रिक्षा, बस, लेथ, कॉम्प्युटर, विळी, सगळ्यांना हळदकुंकू. गाडीला झेंडूची माळ, समोर कोहळा फोडायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि मग गाडी त्या लिंबांवरून नेऊन आणायचीच. पूजा केली आणि गाडी जागची हलवली नाही, तर वर्षभर ती धड चालत नाही आणि घरातही काही धड होत नाही, असा समज. मोहित्यांच्या घरी तर तलवारींच्या काळापासूनची ही पूजा. तलवारी गेल्यावर तिथं शिवणयंत्र बसलं होतं.

"यंदा ड्रोनची पूजा," कृष्णाबाईंनी जाहीर केलं. "आणि पूजा झालेलं यंत्र त्याच दिवशी हलवायचं असतं. आता बोला."

देव आणि सरकार समोरासमोर आल्यावर सरकार नेहमी काय करतं, हे जयसिंगरावांना ठाऊक होतं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली उतरवला.

नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी, कृष्णाबाई झोपल्या असताना, ते निघाले. निदान वर जाऊन वाळलेल्या काड्या तरी उपटाव्यात, भागुबाईची फुलं कुंड्यांत खोचावीत, काहीतरी करावं. पिशवीत दीड किलो शेवंती होती. चौतिसाव्या पायरीपर्यंत गेले. पस्तिसावी चढले. छत्तिसावी चढले आणि भिंत धरून खाली बसले. छातीत धडधड, कानांत शिट्टी. वीणा आणि दयानंद सकाळीच सणाला निपाणीला गेले होते. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. जयसिंगराव तिथं एकटेच बसले आणि त्यांना फार भीती वाटली. मरणाची नव्हे, तसं ते मनाशी म्हणाले तरी. उद्या मोबाइलवर त्या काड्या बघताना कृष्णाचा चेहरा कसा होईल, त्याची. आठ-नऊ महिने तिनं ज्या फुलांनी देव पूजला, ज्या गजऱ्याचं कौतुक गावोगाव सांगितलं, ते सगळं एका मिनिटात खोटं ठरणार होतं. पिशवी कढीलिंबाला अडकवून ते बसत बसत, एक एक पायरी उतरून खाली आले.

नवमीच्या सकाळी अंगणात खुर्ची आली. ड्रोनला हळदकुंकू लागलं. माळ घातली तर तो उठणार नाही, म्हणून एकच झेंडूची पाकळी. चाकं नसल्यामुळं लिंबं कुठं ठेवायची हा पेच पडला. शेवटी चार पंख्यांखाली चार लिंबं ठेवून ड्रोन त्यावरच बसवला. कोहळा फुटला, चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटायला काढला. कृष्णाबाईंनी नवी साडी नेसली होती. बाग बघायला जायचं म्हणून डोक्यात गजराही होता, भागुबाईचा.

"नकाशा बघितला का आज?" त्यांनी विचारलं. "निर्बंध रोज बदलू शकतात, असं तुम्हीच म्हणालात."

जयसिंगरावांनी मोबाइल उघडला. देवा, आज तरी लाल असू दे, असं ते मनात म्हणाले. नकाशा उमटला. दोनशे फुटांखाली हिरवं. वारा पडलेला. ऊन स्वच्छ. आकाशाची काहीही हरकत नव्हती.

"हिरवं आहे," ते म्हणाले. तेहतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण फाइलीला पूर्ण उत्तर दिलं होतं.

ड्रोन लिंबांवरून उठला. एक लिंबू घरंगळत फाटकाकडं गेलं. पहिल्या मजल्याच्या बंद खिडक्या, दुसऱ्या मजल्याचा कठडा, जिन्याबाहेर डोकावणारा कढीलिंबाचा शेंडा, आणि मग मोबाइलच्या पडद्यावर गच्ची आली.

त्रेचाळीस कुंड्या होत्या. ओळीनं, जशा कृष्णाबाईंनी लावल्या होत्या तशाच. मोगऱ्याच्या काड्या उभ्या होत्या. जास्वंदी आडव्या पडल्या होत्या. काही कुंड्यांत पावसानं उगवलेलं गवत होतं, तेवढंच काय ते हिरवं. कृष्णाबाईंनी ड्रोन घाईनं नेला नाही. पहिली ओळ, दुसरी ओळ, सावकाश, एक एक कुंडी. पारिजातकापाशी त्या थांबल्या. तो कमरेत मोडला होता.

जयसिंगराव खुर्चीमागं उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कितव्या पायरीला दम लागतो?" कृष्णाबाईंनी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. मान वळवून त्यांच्याकडं बघत होत्या.

"चौतिसाव्या."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"आणि तरी रोज चढत होता? मेलेल्या झाडांसाठी?"

जयसिंगराव शेजारी पायरीवर बसले. वर ड्रोननं पिप्-पिप् केलं. बॅटरी संपत आली की तो असेल तिथं उतरे, तसा तो उतरला. पडद्यावर मोगऱ्याची एक काडी आडवी दिसू लागली आणि मग पडदा काळा झाला. दोघांनी मान वर करून गच्चीकडं बघितलं. वीणा-दयानंद निपाणीला. आता तो आणायला वर जाईल असं घरात कुणीही नव्हतं. आधी कृष्णाबाईंना हसू फुटलं, मग जयसिंगरावांना. हसता हसता कृष्णाबाईंच्या गालांवरून पाणी वाहू लागलं आणि त्या ते पुसेनात.

त्यांनी अभिजीतला फोन लावला. "गाडीची पूजा झाली का रे? सरी. मग तीच घेऊन ये. बाबांना दवाखान्यात न्यायचंय. नाही, पडले नाहीत. बसलेत माझ्याजवळ. तू ये फक्त." फोन ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला सगळं कळतं असं वाटायचं मला. रोज सकाळी मी पलंगावर पडून तुमची पावलं मोजायची. रोज एक्कावन्न भरायची. एकदासुद्धा कमी नाही. ते कसं?"

जयसिंगरावांनी खाली बघितलं. एवढी मोठी लबाडी त्यांनी नोकरीतही केली नव्हती.

"तू ऐकत असतेस, हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "चौतिसाव्या पायरीवर बसलो की दम खाऊन पुढच्या सतरा मी बसल्या जागीच वाजवायचो."

"दाखवा."

"आत्ता?"

"दाखवा म्हणते ना."

चुरमुरे आणि फुटलेल्या कोहळ्याच्या मधोमध, पायरीवर बसल्या बसल्या, जयसिंगराव मोहिते आळीपाळीनं पाय आपटू लागले. एक, दोन, तीन. मधे एकदा थांबले, श्वास घेतला. सतरा झाल्यावर त्यांनी पाय थांबवले. कृष्णाबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "वर पोचत आलात की तुमची पावलं अशी हलकी व्हायची. मला वाटायचं, फुलं दिसली म्हणून."